ग्रेन मापाचा की वजनाचा? टोपीच्या रिव्हॉल्वरमधल्या पर्यायी दारूची पार्श्वभूमी

कोल्टच्या काळातला, रिव्हॉल्वरची दारू ठेवायचा पितळी फ्लास्क हातात घेतला की ग्रेन मापाचा की वजनाचा हा सगळा घोळ कुठून सुरू झाला ते लक्षात येते. फ्लास्कच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवायचे, फ्लास्क उलटा करायचा, बाजूची खिटी दाबून सोडायची. नळी काठोकाठ भरली की एक बार, म्हणजे एका गोळीपुरती दारू, तयार. तराजूचा यात कुठेच संबंध नव्हता. ग्रेन हे मुळात वजनाचे एकक, सुमारे ६४.८ मिलिग्रॅमचे. पण ३० ग्रेनच्या नळीत काळी दारू भरली तर ती वजनालाही जवळपास ३० ग्रेनच भरायची. माप आणि वजन एकच आकडा दाखवत असल्याने त्यांत फरक करायचे कोणाला कारणच पडले नाही.

कोकणात जिला ठासणीची बंदूक म्हणतात, त्याच जातीचे हे टोपीचे रिव्हॉल्वर. फरक एवढाच की बार बंदुकीच्या नळीच्या तोंडातून न भरता फिरत्या सिलिंडरच्या प्रत्येक घरात समोरून भरतात आणि मागच्या निपलवर, म्हणजे भोक असलेल्या छोट्या बोंडावर, ठिणगी देणारी टोपी बसवतात. सॅम्युएल कोल्टला अमेरिकेत याचे पेटंट १८३६ मध्ये मिळाले. १८४७ च्या वॉकर मॉडेलच्या एका घरात तब्बल ६० ग्रेन दारू मावत असे. त्या काळच्या लोखंडाला हा दाब झेपला नाही, सिलिंडर फुटू लागले. १८४८ च्या ड्रॅगूनमध्ये सिलिंडर आखूड करून बार ५० ग्रेनच्या आसपास आणला. पुढे .३६ बोअरच्या (आकडा इंचातला) १८५१ नेव्ही मॉडेलात २० ते २५ आणि .४४ च्या १८६० आर्मी मॉडेलात २५ ते ३० ग्रेन हा रिवाज पडला. गोळी सिलिंडरच्या तोंडाच्या आत बसलीच पाहिजे, नाहीतर सिलिंडर फिरत नाही. त्यामुळे काळी दारू वापरणाऱ्याला घराचा आकारच आवर घालत असे.

१८७० नंतर पितळी काडतुसांचा जम बसला आणि ही रिव्हॉल्वर मागे पडली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन शस्त्रव्यापारी व्हॅल फोर्जेट यांनी इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया इथल्या कारागिरांकडून त्यांच्या प्रतिकृती बनवून घ्यायला सुरुवात केली. अमेरिकन यादवी युद्धाच्या शताब्दीने त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले. १९७२ मध्ये रुगर या अमेरिकन कंपनीने ‘ओल्ड आर्मी’ हे टोपीचे रिव्हॉल्वर काढले. हत्यारे अशी पुन्हा आली, पण दारू मिळेना. काळी दारू कायद्याने स्फोटक ठरते. १९७० च्या संघीय कायद्यानंतर तिचा साठा आणि विक्री दुकानदारांना डोकेदुखी झाली आणि बहुतेकांनी ती ठेवणेच सोडले.

ही पोकळी डॅन पॉलाक यांच्या पायरोडेक्स या पर्यायी दारूने भरली. १९७६ मध्ये ती बाजारात आली. दुसऱ्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या कारखान्यात झालेल्या स्फोटात पॉलाक यांचा जीव गेला. पुढे हॉजडन कंपनीने तिचे उत्पादन उभे केले. पेटायला अवघड असल्याने ती स्फोटकाऐवजी ज्वालाग्राही पदार्थांत मोडली आणि साध्या दुकानात विकता आली.

इथे माप आणि वजन यांची ताटातूट झाली. पायरोडेक्स काळ्या दारूपेक्षा हलकी. जुने फ्लास्क आणि मापे तशीच वापरता यावीत म्हणून ती मुद्दाम अशी बेतली की तेवढ्याच मापाने साधारण तेवढाच जोर मिळावा. ३० च्या मापात भरलेली पायरोडेक्स तराजूवर २१–२२ ग्रेनच भरते. कोणी ‘३० ग्रेन’ वाचून तराजूवर ३० ग्रेन मोजली, तर बार सुमारे ४० टक्के जादा झाला. सुदैवाने .४४ आर्मीच्या घरात एवढी दारू आणि गोळी सहसा मावत नाही. वॉकरच्या घरात मात्र मावते. म्हणून पर्यायी दारू नेहमी मापाने भरावी. रिव्हॉल्वरसाठी पायरोडेक्सचा ‘पी’ प्रकार घ्यावा, तो काळ्या दारूच्या तीन एफच्या जागी चालतो (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक). ‘आरएस’ दोन एफच्या जागचा, म्हणजे मुख्यतः लांब बंदुकांचा.

हॉजडनचीच ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू आली आणि ‘माप तेच, जोर तोच’ हे गणितही मोडले. तिच्यात गंधक नाही, धुताना येणारा वास जातो, नळी साध्या पाण्याने निघते. पण मापास माप ती जास्त जोरकस आहे. काळ्या दारूइतकाच वेग हवा असेल तर माप १५ टक्के कमी करायचे: ३० च्या जागी साधारण २५, २५ च्या जागी २१. ठासण्याची रीतही वेगळी. पायरोडेक्सला दाब लागतो. गोळी दारूवर घट्ट बसली नाही तर बार फुसका जातो किंवा वेग कमी-जास्त होतो. ट्रिपल सेव्हनवर गोळी नुसती टेकेपर्यंत, हलक्या दाबाने बसवायची. जोरात ठासली की दर गोळीला वेग बदलतो. दोन्हींत एक गोष्ट सारखीच: दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये.

छोटा बार भरला की गोळी घरात खोल बसते. तिथून नळीपर्यंत तिला जास्त उडी घ्यावी लागते आणि नेम बिघडतो. काळ्या दारूवर मक्याचे जाडसर पीठ घालून ही उंची भरून काढतात. ट्रिपल सेव्हनवर असे भरण घालू नये, असे उत्पादकच सांगतात. पितळी फ्रेमच्या प्रतिकृतींना मात्र छोटाच बार हवा: .३६ ला १५–२०, .४४ ला २०–२५ ग्रेन माप, तेही काळ्या दारूचे. जड बारांनी फ्रेम हळूहळू ताणते, सिलिंडर आणि नळी यांतली फट वाढते आणि सिलिंडरच्या मागच्या कडेचे ठसे पितळावर उमटतात. हे ठसे दिसले की माप लगेच उतरवावे.

भरताना आधी मोकळ्या टोप्या उडवून निपलमधले तेल जाळून टाकावे. फ्लास्कमधून थेट घरात दारू ओतू नये, वेगळ्या मापात काढून मगच ओतावी. आत निखारा राहिला असेल तर पेट फक्त त्या मापाला लागतो, हातातल्या अख्ख्या फ्लास्कला नाही. दारूवर वंगण लावलेली फेल्टची चकती, वर शिशाची गोळी: .३६ ला .३७५ किंवा .३८०, .४४ ला .४५१ किंवा .४५४, रुगरला .४५७. गोळी दाबताना शिशाची पातळ, अखंड कडी कापली गेली पाहिजे. कडी एका बाजूने तुटकी निघाली तर गोळी घराला नीट भिडलेली नाही. मग एका घराचा जाळ शेजारच्या घरात शिरू शकतो. सैल टोप्यांमुळेही हेच होते. टोप्या सगळ्यात शेवटी, नळी निशाण्याकडे धरूनच बसवाव्यात.

पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता मागते, त्यामुळे काळ्या दारूवर चालून जाणारा निपल इथे दगा देऊ शकतो. वरचेवर बार फुसके जात असतील तर माप वाढवू नये. निपलचे भोक साफ आहे का आणि टोपी पूर्ण टेकली आहे का ते आधी पाहावे. आधुनिक काडतुसांतली धूररहित दारू तर यात चिमूटभरही नको. या सिलिंडरना तो दाब सोसत नाही.

२०२१ मध्ये हॉजडनने गोएक्स या काळ्या दारूचा लुईझियानातला कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले आणि अनेक नेमबाज पुन्हा पर्यायी दारूकडे वळले. पुढच्या वर्षी एस्टेस कंपनीने तो विकत घेतला. भारतात टोपीच्या बंदुकीलाही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे हा सगळा व्यवहार मुख्यतः तिकडचाच.

पायरोडेक्स कमी गंजवते हा समज चुकीचा आहे. तिच्यातल्या परक्लोरेटमुळे जळल्यावर क्षार उरतो, तो हवेतली ओल धरतो आणि नुसत्या तेलाने निघत नाही. त्याच दिवशी निपल काढून सिलिंडर आणि नळी गरम साबणाच्या पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी, मग तेल लावावे. दुसऱ्या दिवशी पांढरे फडके नळीतून फिरवून पाहावे. तांबूस डाग आला तर पुन्हा पाण्यापासून सुरुवात करावी.