मनगट पिळलं की हुक वाढतो?

टेनपिन बोलिंग (लांब गुळगुळीत पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, चेंडू सोडून टोकाच्या दहा पिना पाडायचा खेळ) शिकणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: चेंडू जास्त वळवायचा, म्हणजे हुक वाढवायचा असेल तर सोडताना मनगट जोरात पिळा. पटतोही तो, कारण चांगल्या खेळाडूचा हात शेवटी फिरलेला दिसतोच. पण ते फिरणं पिळण्यातून आलेलं नसतं.

चेंडू वळतो तो लेनशी होणाऱ्या घर्षणामुळे. फाउल लाइनपासून (चेंडू सोडताना ओलांडायची नाही ती रेषा) पहिली पिन ६० फुटांवर असते. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर तेल असतं, तिथे चेंडू घसरतो. पुढच्या कोरड्या भागात तो पकड घेतो आणि वळतो. हात चेंडूच्या वरून फिरला तर चेंडू भोवऱ्यासारखा गरगरतो, लांबवर घसरत जातो आणि उलट कमी वळतो.

हवं ते असं: हात चेंडूच्या मागे-खाली, अंगठा आधी मोकळा, मग दोन बोटं बाजूने वर उचलणारी. शेवटी तळहात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा दिसतो, बस. धावत येऊन जोर लावणंही नडतं. वेगवान चेंडूला कोरड्या भागात वळायला वेळच उरत नाही.

पडताळणी सोपी आहे. परत आलेल्या चेंडूवर तेलाचं कडं बघा. ते लहान आणि अंगठ्याच्या भोकापासून दूर असेल तर तुम्ही वरून पिळताय. चेंडूवर पांढरी पट्टी चिकटवून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलंत तर आणखी स्पष्ट दिसेल. आणि हो, भाड्याचा कडक प्लास्टिकचा चेंडू मुळातच फारसा वळत नाही. त्याचा दोष मनगटाला देऊ नका.