पाणी म्हणजे हायड्रोजनची राख

"आता गाड्या पाण्यावर पळणार, बघा!" कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर ओळखीच्या एका फौंड्रीवाल्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. व्हिडिओत कुणीतरी टाकीत बाटलीभर पाणी ओतून मोटारसायकल सुरू करत होता. फौंड्रीवाल्यांच्या चेहऱ्यावर कौतुकापेक्षा काळजी जास्त. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, इंजिनाचे ब्लॉक ओतून त्यांचं घर चालतं. इंजिनच गेलं तर?

काळजी खरी, व्हिडिओ खोटा. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही, तसंच हे. पाण्यातून हायड्रोजन सोडवायला जी ऊर्जा घालावी लागते, तिच्याहून जास्त परत मिळत नाही; प्रत्यक्षात कमीच मिळते. १९९६ साली तामिळनाडूत झाडपाल्यापासून पेट्रोल बनवल्याचा दावा झाला, तेव्हाही भलेभले भुलले होते. त्या माणसाला पुढे शिक्षा झाली, पण आपली हौस काही फिटलेली नाही.

हायड्रोजनची गाडी मात्र खरी आहे. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी टोयोटाच्या 'मिराई'तून संसदेत गेले. तिच्या टाकीत पाणी नसतं, हवेच्या ७०० पट दाबाने कोंबलेला हायड्रोजन असतो. आणि तो जाळायचा नसतो, त्यातून थेट वीज काढायची असते, ही त्यातली खरी गंमत. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्हने १८३९ मध्ये दाखवून दिलेली युक्ती आहे ही.

मधोमध एक पातळ पडदा. त्याच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा. प्लॅटिनमच्या बारीक कणांवर हायड्रोजन फुटतो, त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला अडवतो. इलेक्ट्रॉनला तारेतून वळसा घालावा लागतो, आणि त्या वाटेवर आपण मोटर बसवून ठेवलेली असते. पलीकडे ऑक्सिजनपाशी सगळे भेटतात आणि पाणी होतं. असा एक संच म्हणजे एक इंधन-घट (फ्युएल सेल).

प्रोटॉन पडदा ओलांडतो कसा, यावर मी तासभर बोलू शकतो. पडदा टेफ्लॉनच्या जातीचा, पण त्याच्या फांद्यांच्या टोकाला आम्ल. ही टोकं पाणी शोषतात आणि आत अतिसूक्ष्म ओले बोळ तयार होतात. स्लॅब टाकताना माणसांची रांग लागते ना, तशी तिथे पाण्याच्या रेणूंची लागलेली असते. फरक एवढाच, की इथे प्रत्येक जण मागून आलेलं घमेलं स्वतःकडे ठेवतो आणि आपल्या हातातलं पुढे देतो. रांगेच्या शेवटी पडतं ते घमेलं सुरुवातीला निघालेलं नव्हेच! रसायनशास्त्रज्ञ थिओडोर ग्रोटहुसने अशी कल्पना १८०६ मध्ये मांडली, तेव्हा प्रोटॉन हा शब्दही जन्मला नव्हता. पुढे कळलं, की प्रोटॉनभोवती जमलेल्या पाण्याच्या बाहेरच्या कड्यातला एक हायड्रोजन-बंध (रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारी ओढ) सुटल्याशिवाय ही देवघेव होत नाही, आणि त्याला एक-दोन पिकोसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपास. म्हणूनच पडदा सुकला की रांग मोडते. फार भिजला तर पलीकडे पाणी तुंबतं आणि ऑक्सिजनचा रस्ता बंद. एका घटातून जेमतेम पाऊण व्होल्टही मिळत नाही, म्हणून नव्या मिराईत असे ३३० घट एकावर एक रचले आहेत.

आता हिशोब विजेच्या बिलाच्या भाषेत. पाण्यापासून किलोभर हायड्रोजन काढायला ५०-५५ युनिट वीज लागते. दाबून भरायला आणखी काही. तेवढ्यावर मोटार साधारण १०० किलोमीटर जाते. तेवढंच अंतर बॅटरीची मोटार १५-२० युनिटांत कापते. मग जवळपास तिप्पट वीज का घालवायची? लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकला कदाचित परवडेल. घरच्या गाडीला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅलिफोर्नियात शेल या तेल कंपनीने २०२४ मध्ये मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले, ते उगाच नव्हे.

मग सरकार हायड्रोजनच्या मागे का? जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १९,७४४ कोटींच्या हरित हायड्रोजन (सौर-पवन विजेवर पाण्यातून काढलेला) मोहिमेचा खरा रोख मोटारींवर नाहीच. आज खत कारखाने आणि तेल शुद्धीकरण कारखाने हायड्रोजन वापरतात, तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात. आधी तो बदलायचा आहे. पण युरियाच्या पोत्याबरोबर फोटो कोण काढणार? मोटारीबरोबर निघतो.

राजकारणाची दुसरी बाजू आपल्या शिरोलीच्या फौंड्र्यांपर्यंत येते. हायड्रोजन थेट इंजिनात जाळायचाही एक मार्ग आहे. त्यात ब्लॉक, हेड, पिस्टन सगळं शाबूत राहतं, म्हणून इंजिन बनवणाऱ्यांना तो प्रिय. पण कार्यक्षमता कमी, आणि ज्वाळेच्या उष्णतेने हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून विषारी वायू होतात, ते वेगळंच.

"मग त्या घटात ओतकाम काय?" फौंड्रीवाल्यांनी विचारलं. घटांच्या पट्ट्या पातळ पत्र्याच्या, दाबून काढलेल्या. हवा ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरचं घर असतं, मोटरचं कवच असतं, पण ते ॲल्युमिनियमचं.

"म्हणजे बीड नाही."

नाही, म्हटलं. त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि आणखी दोन कटिंग सांगितले.