लिंक पाठवली की तीच वस्तू उघडली पाहिजे
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

कोल्हापुरातल्या पापाची तिकटीजवळच्या एका चप्पल दुकानासाठी आम्ही वेब ॲप केलं होतं. एका ताईंनी त्यावर बराच वेळ बघून गोंड्याची, आठ नंबरची, गडद तपकिरी जोडी निवडली आणि पुण्यातल्या भावाला लिंक पाठवली. भावाच्या फोनवर दुकानाचं पहिलं पान उघडलं. "अगं, यातली कुठली?" दोन स्क्रीनशॉट गेले, एक फोन झाला आणि शेवटी "गावी आल्यावर बघू" यावर विषय संपला. दुकानदारांनी हे सांगितलं तेव्हा आम्हाला फार लागलं, कारण चूक आमच्या कामात होती.

ॲपमध्ये वस्तू बदलत होती, पण ब्राउझरमधला वरचा पत्ता तोच राहत होता. ताईंची निवड फक्त त्यांच्याच फोनला माहीत होती. आता वस्तू, नंबर, रंग, लावलेले फिल्टर हे सगळं आम्ही पत्त्यातच लिहितो. त्यामुळे मागे जायचं बटणही नीट चालतं.

व्हॉट्सॲपवरचं चित्र

लिंकखाली फोटो, नाव आणि एक ओळ दिसते, ती पानाच्या कोडमधल्या ओपन ग्राफ टॅगमधून, म्हणजे पानाची ओळख सांगणाऱ्या छोट्या नोंदींमधून येते. फेसबुकने ही पद्धत २०१० मध्ये आणली. व्हॉट्सॲप हे टॅग वाचतं, पण पानावरची जावास्क्रिप्ट, म्हणजे पान उघडल्यावर त्यातला मजकूर बदलणारा कोड, चालवत नाही. म्हणून टॅग सर्व्हरकडूनच, म्हणजे पान पाठवणाऱ्या संगणकाकडूनच, तयार यावे लागतात, नाहीतर प्रत्येक चपलेखाली दुकानाचा तोच लोगो दिसतो. आम्हाला प्रत्येक वस्तूचा एक आडवा, स्वच्छ फोटो द्या. १२०० बाय ६३० पिक्सेल असला की उत्तम.

लिंकमध्ये मराठी अक्षरं

मराठीचा आग्रह आम्हालाही आहे, पण इथे जरा थांबा. कॉपी केल्यावर देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह (काना, मात्रा, वेलांटी, हलन्तही वेगळे मोजून) बहुतेक वेळा नऊ अक्षरांचं होतं. 'कोल्हापुरी' या एका शब्दाची नव्वद अक्षरं होतात! लिंक लांबली की क्यूआर कोडही दाट होतो आणि कापडी पिशवीवर छापला तर स्कॅन होताना अडतो. म्हणून पानावर मराठी ठेवा, पत्ता मात्र छोट्या रोमन अक्षरांत असू द्या.

बिलाची लिंक वेगळी

हे सगळ्यात महत्त्वाचं. बिलाच्या लिंकमध्ये १०४१ असा साधा क्रमांक असेल आणि कुणी तिथे १०४२ टाकलं, तर दुसऱ्याचं नाव, पत्ता, फोन नंबर उघडा पडू शकतो. अशा पानांना आम्ही लॉगिन लावतो, किंवा ओळखता न येणारा लांब कोड देतो आणि त्याला मुदत घालतो. "ग्राहकाला लॉगिनचा त्रास नको" म्हणून हे काढायला सांगितलंत, तर आम्ही नाही म्हणू.

माल संपला म्हणून पान पुसू नका. "सध्या शिल्लक नाही" लिहा आणि तशाच दुसऱ्या जोड्या दाखवा. पत्ता बदलायचाच असेल तर आधी आम्हाला कळवा, जुना पत्ता आम्ही नव्याकडे कायमचा वळवून देतो. छापलेल्या पिशव्या परत मागवता येत नाहीत.

आज एवढं करा : तुमच्या ॲपवर एखादी वस्तू उघडा, रंग निवडा आणि लिंक घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. पहिलंच पान उघडलं तर आम्हाला सांगा. ॲप आम्ही केलेलं असेल, तर दुरुस्तीचे पैसे घेणार नाही.