छत्री, तार आणि एजीआर: एका दूरसंचार उद्योजकाच्या टीव्ही व्यवसायाची पार्श्वभूमी

भारती एअरटेलचे संस्थापक सुनील मित्तल यांच्या टीव्ही व्यवसायाचे पुढे काय, हा प्रश्न २०२५ मध्ये दोनदा बातम्यांत आला. फेब्रुवारीत त्यांच्या कंपनीने शेअर बाजाराला कळवले की डीटीएच, म्हणजे घरावरच्या छत्रीतून टीव्ही दाखवण्याचा, व्यवसाय एका स्पर्धक कंपनीच्या व्यवसायात विलीन करण्याबाबत बोलणी सुरू आहेत. मे महिन्यात कळवले की बोलणी थांबली. दोन्ही वेळा चर्चा झाली ती ओटीटीची (इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणाऱ्या सेवांची) आणि घटत्या ग्राहकांची. ते कारण खोटे नाही. पण या उद्योजकाची कारकीर्द सलग वाचली, तर प्रत्येक वळणावर यंत्राच्या आधी सरकारी परवान्याचा कागद दिसतो. टीव्हीच्या बाबतीत तर त्या कागदावरचा एकच शब्द दोन खात्यांत दोन अर्थांनी वापरला गेला आहे. तो शब्द म्हणजे एजीआर, समायोजित सकल महसूल; परवान्याचे शुल्क ज्यावर मोजतात ती रक्कम.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. १९७६ मध्ये लुधियानात वडिलांकडून घेतलेले २० हजार रुपये आणि सायकलच्या क्रँकशाफ्टचा छोटा कारखाना. मग मुंबईत येऊन आयातीचा धंदा, त्यात जपानी पोर्टेबल जनरेटर. १९८३ मध्ये सरकारने जनरेटरच्या आयातीवर बंदी घातली आणि चालता धंदा एका आदेशाने बसला. तैवानमध्ये दिसलेला बटणांचा फोन त्यानंतरचा. आपल्याकडे तेव्हा चकती फिरवून नंबर लावत असत. बटणांचे फोन, मग कॉर्डलेस, फॅक्स यंत्रे असा तो प्रवास झाला. यात लक्षात ठेवावे असे एवढेच, की पहिला मोठा फटका बाजाराने दिलेला नव्हता.

१९९२ मध्ये चार महानगरांतील मोबाइल सेवेसाठी निविदा निघाल्या. अट अशी होती की दूरसंचार सेवा चालवण्याचा अनुभव हवा. फोन बनवणाऱ्याकडे तो कुठून असणार? म्हणून फ्रेंच भागीदार आला. निविदांवर कोर्टकचेऱ्या झाल्या, अखेर दिल्लीचा परवाना हाती राहिला आणि १९९५ मध्ये सेवा सुरू झाली. तेव्हा केलेल्या कॉलला मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात पैसे पडत आणि आलेल्या कॉललाही पैसे मोजावे लागत. आलेला कॉल फुकट झाला तो २००३ मध्ये.

त्या पहिल्या परवान्यांचे शुल्क ठरलेल्या रकमेचे होते. ग्राहक येवोत न येवोत, तेवढे पैसे भरायचे. निविदा जिंकण्याच्या नादात कंपन्यांनी फार मोठे आकडे टाकले होते, ग्राहक मात्र अपेक्षेच्या जवळपासही आले नाहीत. १९९८-९९ पर्यंत बहुतेक कंपन्या थकबाकीदार झाल्या. तेव्हा १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणाने मार्ग काढला: ठरावीक रक्कम सोडा, उत्पन्नातला वाटा द्या. १ ऑगस्ट १९९९ पासून ही पद्धत लागू झाली. वाटा सुरुवातीला १५ टक्के होता, पुढे टप्प्याटप्प्याने कमी होत ८ टक्क्यांवर आला. कंपन्यांना हा मोठा दिलासा होता आणि त्यांनी तो आनंदाने स्वीकारला, हे नंतरच्या सगळ्या वादात मागे पडले. स्वस्त मोबाइलचे जे युग आले, त्याचा पाया या एका निर्णयात आहे.

वाटा कशातला, हे मात्र परवान्यात लिहिलेले होते, आणि पुढची वीस वर्षे भांडण झाले ते त्या ओळींवरून. परवान्यातील व्याख्येनुसार सकल महसुलात जोडणीचे पैसे, उशिराच्या भरण्याचा आकार, हँडसेटची विक्री, व्याज, लाभांश, मूल्यवर्धित सेवा, रोमिंग, पायाभूत सुविधा वापरू दिल्याचे भाडे आणि ‘इतर कोणतेही किरकोळ उत्पन्न’ असे सगळे येते, आणि त्यासाठी झालेला खर्च वजा करता येत नाही. मग ‘समायोजित’ म्हणजे काय? वजावट मुख्यतः तीन गोष्टींची: दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर कॉल पोहोचवण्यासाठी तिला प्रत्यक्ष दिलेले पैसे, रोमिंगपोटी पुढे दिलेले पैसे आणि सरकारकडे भरलेले कर. बस.

कंपन्यांचे म्हणणे होते की परवाना दूरसंचाराचा आहे, तेव्हा वाटाही दूरसंचाराच्या उत्पन्नातलाच हवा. बँकेतल्या ठेवीवरचे व्याज किंवा इमारतीचे भाडे यात कशाला? सरकारचे म्हणणे सरळ होते: व्याख्या वाचूनच सही केली ना? दूरसंचार वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने २००७ मध्ये कंपन्यांच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो बाजूला ठेवला, २०१५ मध्ये न्यायाधिकरण पुन्हा बऱ्याच अंशी कंपन्यांच्या बाजूने बोलले, आणि २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या शब्दशः मान्य केली.

निकालाचा आकडा सर्वांना आठवतो: परवाना शुल्कापोटी सर्व कंपन्यांकडून मिळून सुमारे ९२ हजार कोटी. त्याची फोड मात्र फार कमी लोकांनी पाहिली. मूळ वादातले शुल्क सुमारे २३ हजार कोटी. त्यावरचे व्याज ४१ हजार कोटींहून अधिक. दंड सुमारे ११ हजार कोटी. आणि त्या दंडावरचे व्याज जवळपास १७ हजार कोटी. म्हणजे चार रुपयांतला एक रुपया मुद्दलाचा, बाकी तीन काळाचे आणि शिक्षेचे.

असे का झाले ते एका छोट्या उदाहरणाने समजते. परवान्यात थकबाकीवर स्टेट बँकेच्या प्रमुख कर्जदरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज होते, आणि तेही दरमहा चक्रवाढ. हा दर १५ टक्के धरू. २००५ मध्ये कमी भरलेले शंभर रुपये १४ वर्षांनी आठशेच्या वर जातात. तूट दहा टक्क्यांहून जास्त असेल तर तुटीच्या निम्मा दंड वेगळा, आणि त्यावर पुन्हा तेच व्याज. खटला जेवढा लांबला तेवढे हे मीटर धावत राहिले. माझे स्पष्ट मत आहे की शब्दाच्या अर्थाबाबत न्यायालय चुकले नाही. व्याख्या स्पष्ट होती. पण ज्या वादात दोनदा न्यायाधिकरणालाच कंपन्यांचे म्हणणे पटले होते, त्या वादाच्या वर्षांचे चक्रवाढ व्याज आणि वर दंड लावणे न्याय्य नव्हते. आणि कंपन्यांनीही वादातली रक्कम बाजूला काढून न ठेवता दर कमी करण्याच्या शर्यतीत उडवली, हे तेवढेच खरे.

मित्तल यांच्या कंपनीने सप्टेंबर २०१९च्या तिमाहीत २३ हजार कोटींहून अधिक तोटा दाखवला. व्यवसाय बुडाला नव्हता. एका व्याख्येमुळे वाढलेल्या देण्याची तरतूद एकाच तिमाहीत करावी लागली होती. २०२० मध्ये न्यायालयासमोर आलेल्या सरकारी हिशोबात या कंपनीचे देणे सुमारे ४४ हजार कोटी होते, कंपनीच्या स्वतःच्या हिशोबात सुमारे १३ हजार कोटी. १ सप्टेंबर २०२० रोजी न्यायालयाने दहा वर्षांचे हप्ते पाडून दिले. फेरहिशोबाची मागणी २०२१ मध्ये फेटाळली गेली.

आता टीव्हीकडे येऊ, कारण तिथेही हाच शब्द भेटतो.

घरावर छोटी छत्री लावून थेट उपग्रहावरून वाहिन्या पाहण्याची कल्पना आपल्याकडे १९९६-९७ मध्येच आली होती. सरकारने १९९७ मध्ये अधिसूचना काढून त्यासाठी लागणाऱ्या कंप्रतेवरील (फ्रिक्वेन्सीवरील) प्रक्षेपण घेण्यावरच बंदी घातली. परदेशी वाहिनीसमूह थेट घरात शिरेल ही तेव्हाची भीती. २००० च्या अखेरीस मंत्रिमंडळाने दार उघडले आणि मार्च २००१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली: प्रवेश शुल्क १० कोटी, परवाना १० वर्षांचा, दरवर्षी सकल महसुलाच्या १० टक्के शुल्क, आणि वाहिन्या किंवा केबल कंपन्यांचा वाटा २० टक्क्यांच्या वर नको. ही शेवटची अट दूरसंचार कंपन्यांना लागू नव्हती. पुढे जे तीन-चार दूरसंचार आणि इलेक्ट्रॉनिक्स समूह या धंद्यात आले, त्यांच्यासाठी वाट इथूनच मोकळी होती.

मित्तल आले ऑक्टोबर २००८ मध्ये. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या खासगी कंपन्यांत त्यांचा क्रमांक पाचवा. व्यवसाय स्वतंत्र उपकंपनीत ठेवला. दूरसंचार परवान्यातले ते ‘इतर कोणतेही किरकोळ उत्पन्न’ हे शब्द पाहता टीव्हीचा हिशोब वेगळ्या वहीत असणे किती महत्त्वाचे होते, ते २०१९ नंतर कळले. हिशोब सोपा वाटत होता: रिचार्ज विकणारी दुकाने गावोगाव आहेत, ग्राहक सेवा आहे, नाव घरात पोहोचलेले आहे. फक्त छत्री लावायची.

ती छत्री लावताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना या धंद्याचा खर्च कळतो. माणूस शिडी घेऊन गच्चीवर चढतो, खांबाला छत्री बसवतो, पुढच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या भागाला, केबल जोडून हातातल्या मीटरवर डोळा ठेवतो आणि छत्री बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवतो. आकडा चढला की दुसऱ्या हाताने नट आवळतो. आवळताना छत्री जराशी सरकते, आकडा उतरतो, पुन्हा सैल करायचे. एवढे करून पावसाची जोरदार सर आली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, कारण या कंप्रतेच्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. बॉक्स ग्राहकाला पडत्या किमतीत दिलेला, फरक कंपनीने सोसलेला. तो वसूल व्हायला ग्राहक अनेक महिने टिकावा लागतो, आणि ग्राहक तर नवी ऑफर दिसली की दुसरी छत्री लावून घेतो.

त्यात शुल्काचा प्रश्न. ग्राहकाने तीनशे रुपये भरले तर त्यातला मोठा भाग वाहिन्यांच्या मालकांना जातो. फोनच्या परवान्यात दुसऱ्या कंपनीला दिलेले कॉलचे पैसे वजा होतात. टीव्हीच्या परवान्यात वाहिनीला दिलेले पैसे वजा होत नाहीत. स्वरूप तेच, पैसे हातात येऊन पुढे गेले, पण एका खात्यात ते ‘दुसऱ्याचे’ आणि दुसऱ्यात ‘तुमचेच’. डीटीएच कंपन्या याविरुद्ध न्यायाधिकरणात गेल्या, २०१० मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने नियम बदलले. परवाना २० वर्षांचा, शुल्क सकल महसुलाच्या १० टक्क्यांऐवजी एजीआरच्या ८ टक्के. वाचणाऱ्याला वाटावे की टीव्ही आता फोनच्या रांगेत आला. पण इथे एजीआर म्हणजे सकल महसूल वजा जीएसटी. एवढेच. वाहिन्यांचे पैसे तसेच आत राहिले. शब्द एक केला, अर्थ एक केला नाही. त्या वर्षभर एजीआर या शब्दावर इतका गदारोळ चालू असताना दुसऱ्या व्यवसायासाठी तोच शब्द वेगळ्या व्याख्येने वापरावा, हे मला आजही पटत नाही.

वर्षभरात तिसरा अर्थ आला. सप्टेंबर २०२१च्या दूरसंचार सवलतींत फोनच्या एजीआरची व्याख्या १ ऑक्टोबरपासून, म्हणजे फक्त पुढच्या काळासाठी, बदलली. व्याज, लाभांश, मालमत्तेचे भाडे, दूरसंचाराखेरीजचे उत्पन्न हे सगळे बाहेर काढले. आणि त्या यादीत स्वतंत्र कलम आहे: माहिती व प्रसारण खात्याच्या परवान्याखालील उत्पन्न वगळावे. टीव्हीचे पैसे फोनच्या वहीत मोजू नयेत, हे कागदावर यायला वीसहून अधिक वर्षे लागली.

तोवर बाजार पुढे गेला होता. जुन्या कारकिर्दीपेक्षा गेल्या दहा वर्षांतच घडामोडींची जास्त गर्दी आहे. २०१६च्या सप्टेंबरात आलेल्या नव्या स्पर्धकाने डेटा जवळपास फुकट केला आणि मोबाइल हाच टीव्ही झाला. २०१७च्या डिसेंबरात मित्तल यांच्या टीव्ही उपकंपनीतला २० टक्के हिस्सा एका अमेरिकी गुंतवणूक संस्थेने ३५ कोटी डॉलरला घेण्याचे ठरवले; २०२१ मध्ये मूळ कंपनीने तो सुमारे ३,१२६ कोटींना परत घेतला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१९ पासून, वाहिन्या सुट्या निवडण्याची नवी दरपद्धत आली आणि शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये जाळ्याचे भाडे वेगळे आकारले जाऊ लागले. लोकांना बिल समजेनासे झाले. पैसे भरणारे डीटीएच ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे ७ कोटी होते, २०२५ मध्ये ६ कोटींच्या खाली. २०२३ मध्ये दूरसंचार नियामकाने (ट्रायने) डीटीएचचे शुल्क ८ वरून ३ टक्के करावे आणि २०२६-२७ नंतर ते घेऊच नये अशी शिफारस केली, कारण सरकारी मोफत छत्री आणि ओटीटी दोघेही असे शुल्क भरत नाहीत.

याच काळात मित्तल दुसऱ्याच दिशेने टीव्हीच्या अधिक जवळ गेले. २०२० मध्ये त्यांच्या समूहाने ब्रिटिश सरकारबरोबर दिवाळखोरीतली एक उपग्रह कंपनी घेतली, दोघांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून. उद्देश आकाशातून इंटरनेट देण्याचा होता. २०२३ मध्ये ती पॅरिसच्या एका जुन्या उपग्रह कंपनीत विलीन झाली आणि भारती समूह तिचा सर्वांत मोठा भागधारक झाला. त्या फ्रेंच कंपनीचे मोठे उत्पन्न युरोपातल्या घरांच्या छत्र्यांवर वाहिन्या पोहोचवण्याचे. इकडे छत्रीचा धंदा विलीन करायची तयारी सुरू होण्याआधीच तिकडे छत्र्यांना सिग्नल देणारे उपग्रह पदरात पडले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या भांडवल उभारणीत तिथे फ्रान्स सरकारने पहिली जागा घेतली.

आणि मार्च २०२५ मध्ये, विलीनीकरणाची बोलणी चालू असतानाच, कंपनीने दोन हजार शहरांत फायबरवरून टीव्ही द्यायला सुरुवात केली. अशा तारेवरच्या टीव्हीचा, म्हणजे आयपीटीव्हीचा, पहिला प्रयत्न तिने २००९ मध्येही केला होता. तेव्हा घरोघर तेवढी जलद तार नव्हती. यात छत्री नाही, गच्चीवरचा माणूस नाही, पावसात फुटणारे चित्र नाही. वेगळा प्रसारण परवानाही नाही: २००८च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दूरसंचार परवानाधारक आपल्याच परवान्यावर आयपीटीव्ही देऊ शकतो. त्यामुळे एकाच घरात, एकाच कंपनीच्या नावाने, तीच वाहिनी छत्रीतून आली तर तिचा हिशोब प्रसारण खात्याच्या एजीआरमध्ये आणि तारेतून आली तर दूरसंचार खात्याच्या.