मधुमेहासाठी पायोग्लिटाझोनची गोळी नुकतीच सुरू झाली आहे?

गोळी नेल्यावर आठवडाभरात काही ग्राहक आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर परत येतात. "ग्लुकोमीटरवर काहीच फरक नाही, बंद करू का?" मनाने बंद करू नका. हिचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिनेही लागतात.

ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची दुसरी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून साखर लगेच उतरते. पायोग्लिटाझोनचं काम पेशीच्या केंद्रकात चालतं. तिथे 'पीपार-गॅमा' हा न्यूक्लिअर रिसेप्टर, म्हणजे औषध ज्याला चिकटतं असं प्रथिन, असतो. माणसात अशा रिसेप्टरचे 48 प्रकार आहेत. थायरॉइडची गोळी आणि स्टेरॉइडही त्यांच्यातल्याच कुणामार्फत काम करतात. गोळी रिसेप्टरला चिकटली की कोणती जनुकं किती चालायची हेच बदलतं. चरबीच्या पेशी रक्तातली मेदाम्लं साठवून घेतात, यकृत आणि स्नायूंवरचा त्यांचा भार कमी होतो आणि अंगात असलेलं इन्सुलिन पुन्हा लागू पडू लागतं. हे चार दिवसांत होण्यासारखं नाही.

पण पीपार-गॅमा मूत्रपिंडातही असतो. तिथे तो मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो. संध्याकाळी मोज्याचा वळ घोट्यावर खोल उमटतो, चप्पल घट्ट होते, वजन वाढतं. सूज आली, धाप लागू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडणं) असेल तर ही गोळी देत नाहीत, म्हणून तो आजार डॉक्टरांना आधीच सांगा. लघवीत रक्त दिसलं तरी वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेमुळे जून 2013 मध्ये केंद्र सरकारने या औषधाची विक्री थांबवली होती. जुलैअखेर ठळक इशारा छापण्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू झाली. बायकांमध्ये हाडं मोडण्याचा धोकाही थोडा वाढतो.

सारोग्लिटाझार हे याच घराण्यातलं, अहमदाबादच्या झायडसचं औषध. 2013 मध्ये त्याला भारतात मंजुरी मिळाली. ते पीपार-अल्फा आणि गॅमा दोन्हींवर काम करतं; मधुमेहात रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढली की देतात. दोन्ही गोळ्या एकाच चिठ्ठीत दिसल्या तर आम्ही डॉक्टरांना फोन केल्याशिवाय देत नाही. तेवढा वेळ थांबावं लागेल.

आणखी एक. 'तीन औषधं एका गोळीत' अशा स्ट्रिपांमध्ये मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडबरोबर पायोग्लिटाझोनही असतं, मागच्या बाजूला बारीक अक्षरात. जेवण चुकल्यावर घाम फुटून हातपाय थरथरले तर साखर फार उतरलेली असू शकते, आणि कारण बहुतेक त्यातलं ग्लिमेपिराइड असतं. पुढच्या वेळी येताना घरातल्या चालू गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणा, आम्ही मागची नावं वाचून देऊ.