सागरी प्रदूषणाचे भूजन्य उगम (बेळगाव सीमाभाग)

समुद्र दूषित करणारी द्रव्ये जमिनीवर जेथे निर्माण होतात ती स्थाने आणि तेथून समुद्राकडे जाणारे मार्ग. सागरी प्रदूषणाचा सुमारे ८० टक्के भाग जमिनीवरून येतो, असे सर्रास सांगितले जाते. या आकड्याचे मूळ बहुधा संयुक्त राष्ट्रांशी संलग्न तज्ज्ञगटाच्या १९९० च्या अहवालात असावे. त्यात नद्या-नाले व किनाऱ्यावरील विसर्ग ४४, हवेवाटे ३३, जहाजवाहतूक १२, समुद्रात नेऊन टाकलेला कचरा १० आणि तेल-उत्पादन १ टक्का अशी विभागणी होती. पहिल्या दोहोंची बेरीज ७७ भरते. हवेचा वाटा त्यात धरलेला आहे, हे पुढच्या लेखनात गळून पडले. प्लॅस्टिकबाबत मतभेद अधिक तीव्र आहेत. नद्यांवाटे येणाऱ्या प्लॅस्टिकपैकी ८८ ते ९५ टक्के केवळ १० नद्या वाहून आणतात, असे २०१७ चा एक अभ्यास मानतो. २०२१ च्या अभ्यासात ८० टक्क्यांसाठी हजाराहून अधिक नद्या धरल्या असून किनाऱ्यालगतच्या लहान शहरी नद्यांवर भर आहे. बेळगावपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

या जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना जाते. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते; त्याच तालुक्यातील कणकुंबीची मलप्रभा, तसेच घटप्रभा, हिरण्यकेशी, मार्कंडेय, वेदगंगा, दूधगंगा कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराकडे जातात. मोठी वस्ती, साखर कारखाने व ऊसपट्टा पूर्वेच्या उतारावर, तर पश्चिमेस बहुतांशी जंगल. म्हणजे घाण लांबच्या वाटेला लागते, आणि त्या वाटेवर आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणे आहेत. गाळ व जड कचरा तेथेच बसत असल्याने बेळगावचे फारच थोडे प्लॅस्टिक उपसागरापर्यंत पोचत असावे. खतांतील विरघळलेले नत्र मात्र इतक्या सहजी अडत नाही. कारखान्यांच्या मळीमिश्रित पाण्याची झळ मुख्यतः नदीतल्या माशांनाच बसते.

शहराचे सांडपाणी वाहणारा बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगून शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात शिरतो. भात कुजते, पाणी ओसरल्यावर बांधांवर पिशव्या व बाटल्या अडकून राहतात. समुद्राच्या वाटेवरचा हा कचरा असा बासमतीच्या वाफ्यातच उतरतो, आणि तो वेचायचे काम शेतकऱ्याच्या माथी येते.

म्हादईच्या पाणीवाटपाचा तंटा सोडविणाऱ्या लवादाने २०१८ मध्ये म्हादईस मिळणाऱ्या कळसा-भांडुरा नाल्यांचे ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मलप्रभेत वळविण्यास मुभा दिली. मांडवीच्या मुखाशी खारटपणा वाढेल, ही गोव्याची हरकत. कर्नाटकास ती मान्य नाही.