कोळंबीची भूक, खेकड्याचे दात आणि मेंदूतली पेप्टाइड्स

खेकडा साफ करताना त्याचं पोट नीट उघडून बघितलं तर आत दात सापडतात. एक मधला, दोन बाजूचे, आणि तेही तोंडात नाही, जठरात. गिळलेलं सगळं तिथे दळलं जातं आणि ते दळणारे स्नायू चालवतो 25-30 न्यूरॉन्सचा, म्हणजे मज्जापेशींचा, एक इवलासा गुच्छ. तो बाहेर काढून खाऱ्या द्रावणात ठेवला तरी ना पोट ना अन्न, आपला सिग्नल ठेक्यात देतच राहतो. अमेरिकेत ब्रँडाइस युनिव्हर्सिटीत ईव्ह मार्डर यांनी कित्येक दशकं याच गुच्छावर काम केलंय. त्यातून कळलेली गोष्ट मला फार मोठी वाटते: द्रावणात एखादं पेप्टाइड टाकलं की न्यूरॉन्स तेच, जोडण्या त्याच, पण ठेका बदलतो, आणि पेप्टाइड बदललं की ठेका पुन्हा वेगळा.

पेप्टाइड म्हणजे अमिनो अ‍ॅसिडची छोटी साखळी. काही अगदीच छोट्या असतात, 1977 मध्ये प्राइस आणि ग्रीनबर्ग यांनी शिंपल्यातून एफएमआरएफ-अमाइड वेगळं काढलं, त्यात फक्त चार अमिनो अ‍ॅसिड. शिंपल्याच्या हृदयावर परिणाम होतो म्हणून ते हाती लागलं, पण त्याचा गोतावळा पुढे कितीतरी प्राण्यांत सापडत गेला.

भुकेच्या बाबतीत मात्र सगळ्यात गाजलेलं नाव न्यूरोपेप्टाइड वाय. 1982 मध्ये डुकराच्या मेंदूतून मिळालं, 36 अमिनो अ‍ॅसिडचं. उंदरांच्या मेंदूत हे टोचलं तर पोट भरलेलं असतानाही ते खात सुटतात. याचाच चुलतभाऊ, न्यूरोपेप्टाइड एफ, कोळंबीत असतो. 2011 मध्ये वनामी कोळंबीच्या पिल्लांना हे पेप्टाइड खाद्यातून दिलं, इंजेक्शन वगैरे काही नाही, तर पिल्लांनी जास्त खाल्लं आणि ती वाढलीही जास्त.

ज्यांचे कोळंबीचे तलाव आहेत, पालघर-रायगडकडे असोत नाहीतर आंध्रात, त्यांना यातली गोम लगेच कळेल. सगळ्यात मोठा खर्च खाद्याचा, आणि न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजून अमोनिया वाढवतं. म्हणून चेक ट्रे, म्हणजे थोडं खाद्य ठेवून तलावात सोडलेली थाळी, वर काढून बघतात किती उरलंय, कोळंबी उजेडात धरून पाठीतली आतड्याची रेघ भरलेली आहे की रिकामी तेही बघतात. त्या रेघेमागे मेंदूतला हा सगळा कारभार चालू असतो.

मग पेप्टाइड मिळालं की भूक वाढलीच का? नाही ना, आणि इथेच खरी मजा आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अ‍ॅप्लीझिया नावाची मोठी समुद्री गोगलगाय असते, शेवाळ खाते. तिच्या तोंडात जिभेसारखी दातेरी पट्टी असते, ती पुढे जाते, मागे येते. मागे येताना मिटलेली असेल तर शेवाळ आत ओढलं जातं, पुढे जाताना मिटलेली असेल तर तेच शेवाळ बाहेर ढकललं जातं, म्हणजे खाणं आणि थुंकणं यात फरक फक्त पट्टी मिटायच्या वेळेचा. 2007 मधल्या संशोधनात दिसलं की अ‍ॅप्लीझियाचं स्वतःचं न्यूरोपेप्टाइड वाय हीच वेळ आत ओढण्याकडून बाहेर ढकलण्याकडे सरकवतं, आणि ते टोचलं की गोगलगाय कमी खाते!

घराणं एकच, पण कोळंबीत भूक वाढवतं आणि गोगलगायीत पोट भरल्याचा निरोप देतं. कारण पेप्टाइड नुसतं रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या रेणूला, जाऊन चिकटतं, पुढे काय होणार ते तो रिसेप्टर कुठल्या न्यूरॉनवर बसलाय आणि तो न्यूरॉन सर्किटमध्ये, म्हणजे न्यूरॉन्सच्या जोडणीत, काय काम करतो यावर ठरतं. त्यामुळे कोळंबीत जमलं म्हणून कालवांत किंवा तिसऱ्यांतही तसंच होईल असं धरून चालत नाही, तिथे तर दातही नाहीत, कल्ल्यांनी पाणी गाळून खाणं चालतं आणि एका मेंदूऐवजी न्यूरॉन्सच्या गाठींच्या जोड्या शरीरभर विखुरलेल्या असतात. प्रत्येक जीवाचं सर्किट वेगळं तपासावंच लागतं.